शहरातला माणूस भाजी का लावतो?

मंडईत मेथीची जुडी हाक मारली की मिळते. तेवढीच मेथी गच्चीवर काढायची तर कुंडी, माती, खत, बियाणं, रोजचं पाणी आणि जवळपास महिनाभराची वाट एवढं सगळं लागतं. हिशेब कसाही मांडला तरी तो तोट्याचाच निघतो. तरीही मुंबई-पुण्यात, बंगळुरूत, तिरुवनंतपुरमला, सिंगापुरात नि हवानात असंख्य शहरी माणसं हा तोट्याचा व्यवहार हौसेनं करत आली आहेत.

त्यांना कारण विचारलं की बहुतेकांकडून ठरलेलं उत्तर येतं: विषमुक्त खायला मिळावं म्हणून. हे उत्तर खोटं नाही, पण अपुरं आहे. विषमुक्त भाजी हवी असलेली माणसं घरोघरी सापडतात, ती लावणारं घर मात्र अख्ख्या इमारतीत एखादंच असतं. म्हणून इथे तीन प्रश्न वेगळे करावे लागतात. भाजी लावावीशी कशामुळे वाटते? वाटल्यावर हात खरोखर मातीत कशामुळे जातो? आणि पहिलं पीक माव्यासारख्या किडीनं किंवा कबुतरांनी खाल्लं, तरी माणूस दुसऱ्यांदा बी का पेरतो? चर्चा बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाशीच थांबते. खरा निकाल उरलेल्या दोन प्रश्नांवर लागतो.

टंचाईचा धक्का

शहरांनी मोठ्या प्रमाणावर भाजी लावली ती बहुधा संकटात. दुसरं महायुद्ध सुरू होताच, ऑक्टोबर १९३९मध्ये ब्रिटिश सरकारने 'डिग फॉर व्हिक्टरी' ही मोहीम काढली. बागा, हिरवळी, क्रीडांगणांचे कोपरे खणले गेले. भाजीसाठी भाड्याने मिळणाऱ्या सार्वजनिक तुकड्यांची संख्या युद्धकाळात सुमारे १४ लाखांवर गेली. अमेरिकेत 'व्हिक्टरी गार्डन'ची संख्या २ कोटींच्या आसपास होती आणि १९४३-४४च्या सुमारास देशातल्या ताज्या भाजीपैकी जवळपास ४० टक्के भाजी त्यांतून येत असल्याचा अंदाज सांगितला जातो. युद्ध संपलं, दुकानं भरली आणि यांतल्या बहुतेक बागा काही वर्षांत मोडल्या.

क्यूबाची गोष्ट वेगळ्या वळणाने गेली. १९९१मध्ये सोव्हिएत संघ कोसळला. तिथून येणारं तेल, रासायनिक खत, यंत्रांचे सुटे भाग सगळंच आटलं. गावाकडून भाजी आणायला ट्रकला डिझेल नाही, म्हणून हवानाच्या रिकाम्या जागांवर कंपोस्टचे उंच वाफे उभे राहिले. त्यांना तिथे 'ऑर्गानोपोनिको' म्हणतात. हे वाफे पुढेही टिकले. उपासमारीची भीती हे त्याचं अर्धंच कारण. सरकारने पडीक जमीन कसायला दिली, बियाण्यांची सोय केली, सल्ला द्यायला माणसं नेमली. भीतीने सुरुवात झाली आणि जमिनीच्या हक्काने ती चालू राहिली.

आपल्याकडे असा धक्का २०२०च्या टाळेबंदीने दिला. त्या मे महिन्यात वाशीची घाऊक बाजारपेठ काही दिवस बंद राहिली. भाजी आली तरी ती कुणाकुणाच्या हातातून आली याची धास्ती होतीच. त्याच वेळी हाती मोकळा वेळ होता आणि घराबाहेर पडायची सोय नव्हती. अमेरिकेतल्या बर्पी या जुन्या बियाणे कंपनीने त्या मार्च महिन्यात आपल्या १४४ वर्षांच्या इतिहासातली सर्वाधिक विक्री नोंदवली. आपल्याकडेही स्वयंपाकघरातल्या डब्यातले धणे आणि मेथीदाणे कुंडीत गेले. ऑफिसं उघडल्यावर त्यांतल्या कित्येक कुंड्या पुन्हा रिकाम्या झाल्या. टंचाई माणसाला मातीकडे नेते, पण तिथे धरून ठेवत नाही.

ताटातल्या विषाचा संशय

संकट नसतानाही जी भीती कायम राहते ती अन्नाबद्दलच्या अविश्वासाची. तिचं सर्वांत ठळक उदाहरण केरळ. कासरगोड जिल्ह्यात काजूच्या मळ्यांवर सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २०००पर्यंत हवाई मार्गाने एंडोसल्फान फवारलं गेलं. त्याचे परिणाम भोगणाऱ्या माणसांच्या कहाण्या घराघरात पोचल्या आणि २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कीटकनाशकावर बंदी घातली. त्यात केरळची भाजी मोठ्या प्रमाणावर तामिळनाडू आणि कर्नाटकातून येते. पिकवणारा दिसत नाही, त्याने काय फवारलं ते कळत नाही. परक्या भाजीवरचा हा संशय तिथल्या राजकारणाचाही विषय झाला.

२०१४मध्ये 'हाऊ ओल्ड आर यू' हा मल्याळम चित्रपट आला. त्यात मंजू वॉरियरने रंगवलेली मध्यमवयीन सरकारी कर्मचारी गच्चीवर सेंद्रिय भाजी पिकवून स्वतःची ओळख परत मिळवते. चित्रपटाने केरळातल्या गच्चीवरच्या शेतीला मोठी उभारी दिली. त्याने कीटकनाशकांची नवी माहिती काहीच दिली नव्हती. ती लोकांना आधीपासून होती. 'आपल्यासारखीच एक बाई हे करते' एवढंच त्याने दाखवलं, आणि तेवढं पुरलं.

आपल्याकडेही हा संशय आहे. मुंबईत लोकलच्या रुळांकडेला पालक, माठ, मुळा यांचे हिरवेगार पट्टे वर्षानुवर्षं दिसत आले. रेल्वेच्या 'ग्रो मोअर फूड' योजनेत ही जमीन कर्मचाऱ्यांना कसायला दिली जाई. तिला पाजलं जाणारं पाणी गटाराचं असल्याच्या बातम्या आल्या की डब्यातली पालकाची भाजी शहाण्यासुरत्या माणसाच्याही घशाखाली उतरेना. अशा वेळी स्वतःच्या कुंडीतला पालक माणसाला आपला वाटतो, कारण त्याचा सगळा इतिहास ठाऊक असतो.

पैशाचं गणित

जुलै २०२३मध्ये अनेक शहरांत टोमॅटो किलोला दीडशे-दोनशे रुपयांवर गेला तेव्हा घरोघरी तो कुंडीत लावायच्या गप्पा झाल्या. पण टोमॅटोचं वेळापत्रक बघा. बी पेरल्यापासून पहिलं फळ हाती यायला साधारण तीन महिने लागतात. जुलैत पेरलेल्या रोपाला ऑक्टोबरात टोमॅटो लागणार, आणि सप्टेंबरात भाव इतके पडले होते की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांवर माल फेकायची वेळ आली. महागाई पाहून भाजी लावणारा शहरी माणूस बाजाराच्या नेहमी एक हंगाम मागे असतो.

गणित जमतं ते वेगळ्या भाज्यांत. दर वेळी दोनच पानं लागतात त्या कढीपत्त्यात, पुदिन्यात, गवती चहात, ओव्याच्या पानांत, हिरव्या मिरचीत. पाच-दहा रुपयांची कोथिंबीर आणून अर्धी सडवण्यापेक्षा चार काड्या खुडणं केव्हाही परवडतं. गच्चीवर बरीच वर्षं भाजी काढणाऱ्यांच्या कुंड्या बघितल्या तर कांदे-बटाटे फारसे दिसत नाहीत. पानं, शेंगा आणि वेल दिसतात. पैसा वाचवायला म्हणून सुरुवात करणारे एक तर सोडून देतात, किंवा काय लावायचं ते बदलतात.

जिभेची आठवण

काय लावलं जातं यावरून का लावलं जातं ते ओळखता येतं. शहरात आलेला माणूस गावची चव सोबत घेऊन येतो आणि ती मंडईत सहसा मिळत नाही. अंबाडी, चवळई, पोकळा, घोळ, काळ्या देठाचं वडीचं अळू, कोवळा शेवग्याचा पाला. कोकणात न्हाणीच्या सांडपाण्यावर केळ आणि अळू वाढायचंच. गोव्यात पावसाळा सरला की दारात तांबड्या भाजीचा वाफा व्हायचा. चाळीत हा परसू एका तुळशीच्या डब्यापुरता उरला, फ्लॅटमध्ये तो खिडकीच्या ग्रिलमध्ये जाऊन बसला. त्याची ओढ मात्र उरली.

ही ओढ समुद्र ओलांडूनही जाते. अमेरिकेतल्या मराठी घरांच्या मागच्या अंगणात मेपासून सप्टेंबरपर्यंत मेथी, दुधी, कारली, गवार दिसते. कढीपत्त्याची कुंडी थंडी पडली की घरात येते. कॅलिफोर्नियात तर संत्र्या-लिंबाच्या झाडांचा रोग पसरवणारी कीड कढीपत्त्यावरही जगते, म्हणून काही भागांतून हे रोप बाहेर न्यायलाच बंदी आहे. तरीही माणसं ते सांभाळतात, कारण फोडणीतल्या वाळक्या पानांना तो वास येत नाही.

महाराष्ट्रात या आठवणीला बियाण्यांची जोड मिळाली आहे. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या गावठी वाणांना २०२०च्या पद्मश्रीने शहरी डोळ्यांसमोर आणलं. संकरित टोमॅटोऐवजी गावठी वाल, घेवडा लावायचा म्हणजे पुढच्या वर्षीचं बीही आपलंच. हा आनंद मंडईत विकत मिळत नाही.

रमणारा जीव

नेदरलँड्समध्ये भाजीबाग करणाऱ्या ३० जणांवर झालेला एक प्रयोग २०११मध्ये प्रसिद्ध झाला. आधी त्यांना मनावर ताण येईल असं काम दिलं, मग अर्ध्यांना अर्धा तास बागेत काम करायला आणि बाकीच्यांना घरात वाचायला सांगितलं. ताणाचं संप्रेरक कॉर्टिसॉल दोन्ही गटांत उतरलं, पण बागेत गेलेल्यांचं जास्त. त्यांचं मनही पूर्ववत प्रसन्न झालं. २०१७मध्ये बागकामाच्या आरोग्यावरील परिणामांचे २२ अभ्यास एकत्र तपासले गेले. चिंता, नैराश्य, वजन, समाधान अशा बऱ्याच बाबतींत कल बागकामाच्या बाजूने निघाला.

खाण्यावरही फरक दिसतो. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या शहरातला २००८चा अभ्यास सांगतो की ज्या घरातलं कुणी सामुदायिक बागेत काम करतं, त्या घरातली प्रौढ माणसं फळं-भाज्या इतरांपेक्षा दिवसाला सरासरी १.४ वेळा जास्त खातात. यात एक मेख आहे. मुळात भाजी आवडणारेच बागेकडे वळत असतील, तर कारण कोणतं आणि परिणाम कोणता? अशा बहुतेक अभ्यासांना ही शंका लागू पडते.

तरी एवढं नक्की, की टिकणाऱ्या बागवाल्यांच्या बोलण्यात हळूहळू विषमुक्ततेचा विषय मागे पडतो आणि 'सकाळी जरा बरं वाटतं' हे पुढे येतं. सुरुवातीचं कारण आणि चालू ठेवण्याचं कारण एकच असलं पाहिजे असं नाही.

ओल्या कचऱ्याची पायवाट

मुंबईने या विषयात एक स्वतःची वाट काढली. तिचं मूळ कोल्हापूर-सांगली भागात आहे. श्रीपाद दाभोलकरांनी 'प्रयोग परिवार' उभा केला आणि शेतकऱ्याने स्वतःच्या जागेवर प्रयोग करावा, पालापाचोळ्यापासून सकस माती बनवावी, दर चौरस फुटाचं ऊन वापरावं, असा विचार मांडला. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी तो गच्चीवर आणला. उसाची चिपाडं आणि घरातला ओला कचरा हेच त्यांच्या कुंड्यांतलं मुख्य भरण. माती थोडी, म्हणून गच्चीवर भार कमी.

त्यांच्या मार्गदर्शनातून मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी २००२च्या सुमारास बाग सुरू केली. प्रश्न होता रोज निघणाऱ्या देठ-सालींचं करायचं काय. कचरा जिरवायची जागा म्हणून बाग झाली आणि भाजी हे तिचं फळ ठरलं. पुढे 'अर्बन लीव्हज'च्या रूपाने हे काम धारावीजवळच्या महाराष्ट्र निसर्ग उद्यानासारख्या ठिकाणी पसरलं.

ही वाट महत्त्वाची आहे, कारण तिच्यात सक्ती आणि सोय दोन्ही आहेत. २०१६च्या घनकचरा नियमांनंतर मुंबई महापालिकेने मोठ्या सोसायट्यांना आणि रोज १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यजल संकलन अशा सोयींसाठी मिळकतकरात ५ ते १० टक्के सवलत देते. खत तयार झालं की ते टाकायचं कुठे हा प्रश्न पडतो, आणि त्याचं उत्तर कुंडीत सापडतं. भाजीच्या हौसेपेक्षा खताच्या ढिगाने बागेत ओढलेली माणसं शहरांत थोडी नाहीत.

शेजारच्या गच्चीवर काय चाललंय

मानसशास्त्रज्ञ आयसेक आयझेन यांनी १९९१मध्ये सविस्तर मांडलेली एक चौकट या विषयावरच्या पाहण्यांत वारंवार वापरली जाते. माणूस एखादी गोष्ट करेल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: ती त्याला चांगली वाटते का, आपली माणसं ती करतात का आणि तिला मान देतात का, आणि ती आपल्याला जमेल असं वाटतं का. भाजी लावणं चांगलं नाही असं म्हणणारा माणूस शोधूनही सापडायचा नाही. म्हणजे पहिली अट जवळजवळ सगळेच पार करतात. घरं वेगळी होतात ती दुसऱ्या आणि तिसऱ्या अटीवर.

बंगळुरूने दुसरी अट ओळखली. डॉ. बी. एन. विश्वनाथ यांनी तिथे गच्चीवरच्या भाजीची शिकवण दीर्घकाळ दिली आणि २०११पासून 'ऊटा फ्रॉम युअर तोटा' (तुमच्याच बागेतलं जेवण) नावाचे मेळे भरू लागले. तिथे बियाण्यांची देवाणघेवाण होते, कुंड्या-अवजारं मिळतात आणि 'माझ्या भेंडीला फूल येतं पण गळतं' याला तिथल्या तिथे उत्तर मिळतं. आपल्याकडे हेच काम व्हॉट्सॲप ग्रुप आणि यूट्यूबवरच्या मराठी वाहिन्या करतात. पानाचा फोटो टाकला की पाच मिनिटांत कुणीतरी 'मावा आहे, निंबोळी अर्क मारा' सांगतं. नवखा माणूस बाग सोडतो तो पहिल्या किडीला. त्या आठवड्यात सांगणारं कुणी भेटलं तर तो टिकतो.

ऊन, गच्ची आणि सेक्रेटरी

तिसरी अट सर्वांत कठोर आहे आणि चर्चेत सर्वांत मागे राहते. पालेभाजीला तीन-चार तासांचं ऊन चालतं. टोमॅटो, वांगी, भेंडी यांना सहा तास हवेत. मुंबई १९ अंश उत्तरेला आहे. साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ सोडला तर दुपारचा सूर्य दक्षिणेकडेच असतो. दिवाळी ते होळी हा आपला भाजीचा उत्तम हंगाम आणि नेमक्या त्या दिवसांत उत्तरेच्या बाल्कनीत ऊन शिरत नाही. म्हणजे एकाच मजल्यावरच्या समोरासमोरच्या दोन घरांपैकी एकात मिरच्या लगडतात आणि दुसऱ्यात रोपं लांबडी होऊन पडतात. यात उत्साहाचा काही संबंध नाही. फ्लॅट घेताना कुणी दिशा बघितली असेल तर ती वास्तुशास्त्रासाठी.

गच्चीवर भरपूर ऊन असतं, पण ती सगळ्यांची, म्हणजे परवानगीचा प्रश्न आला. वरच्या मजल्याला गळतीची भीती, कमिटीला वॉटरप्रूफिंगच्या खर्चाची, कुणाला डासांची. एखाद्या सोसायटीत बाग फुलते तेव्हा बहुधा सेक्रेटरी स्वतः हौशी असतो, आणि तो बदलला की ड्रम खाली उतरतात. उन्हाळ्यात टँकर येणाऱ्या इमारतीत झाडांना पाणी घालणं ही तर उघड भांडणाला दिलेली हाक असते. भाड्याने राहणारा अकरा महिन्यांच्या कराराकडे बघून शेवगा लावत नाही. वस्तीत राहणाऱ्यांना ताज्या भाजीची गरज सर्वांत जास्त आणि जागा सर्वांत कमी. तिथे पत्र्यावर चढवलेला दुधीचा वेल हीच काय ती बाग. म्हणून शहरी भाजीबागेत स्वतःच्या घरात राहणारे, निवृत्त किंवा सकाळी घरी असणारे लोक जास्त दिसतात. आवड सगळ्या थरांत असते. सोय सगळीकडे नसते.

वाटप करून काय होतं

सरकारांनी या प्रश्नाचं उत्तर बहुधा वस्तू वाटून दिलं. केरळने २५ ग्रो बॅगांचे संच सवलतीत दिले, तामिळनाडूने चेन्नई आणि कोइम्बतूरमध्ये 'डू इट युवरसेल्फ' किट काढलं, सिंगापूरने २०२०मध्ये घरोघरी बियाण्यांची पाकिटं पाठवली. केरळात याला यश आलं, कारण पिशव्यांच्या आधीच तिथे संशय होता, चित्रपट होता, कृषिभवनांचं जाळं होतं आणि ओणमला सूपभर भाजी घरची असावी अशी मोहीमही जोडली गेली. सिंगापूरला २००५पासून चालत आलेल्या सामुदायिक बागांचा आधार होता. असा पाया नसेल तर पिशवी उन्हाने फाटते आणि कोपऱ्यात पडते.

भाजी लावा म्हणताना पुढे केलं जाणारं पर्यावरणाचं कारणही जरा तपासून घ्यावं लागतं. युरोप-अमेरिकेतल्या ७३ शहरी शेतांचा आणि बागांचा अभ्यास २०२४मध्ये 'नेचर सिटीज'मध्ये आला. त्यात शहरी भाजीचा सरासरी कार्बन भार नेहमीच्या शेतीपेक्षा सहापट निघाला. मोठा वाटा होता वाफे, शेड, पाइप अशा नव्याने आणलेल्या सामानाचा. तेच सामान बरीच वर्षं वापरलं तर भार खूप उतरतो. रंगाचा रिकामा डबा, थर्माकोलची पेटी, अर्धा कापलेला ड्रम वापरणारी आपली काटकसर इथे नकळत बरोबर ठरते. बाजारातून आणलेल्या चकचकीत स्टँडवरची चार रोपं पृथ्वी वाचवत नाहीत.

मग वजन कशाचं?

ही सगळी कारणं एकत्र ठेवली की त्यांचा क्रम दिसू लागतो. भीती सुरुवात करून देते, मग ती टंचाईची असो की विषाची. पैसा सुरुवातीला बोलतो आणि लवकर गप्प होतो. चव ठरवते काय लावायचं. शेजार, मेळा किंवा ग्रुप माणसाला पहिल्या अपयशातून बाहेर काढतो. मनाचं समाधान वर्षानुवर्षं चालू ठेवतं. आणि या सगळ्यांच्या आधी ऊन, पाणी नि जागेचा हक्क मुळात दार उघडतो की नाही ते ठरवतात.

म्हणून लोकांना भाजी लावायला लावायचं असेल तर सेंद्रिय अन्नाचे फायदे आणखी एकदा सांगण्यात फार हशील नाही. ते सगळ्यांना पटलेलेच आहेत. पालिकेने इमारतीचा आराखडा मंजूर करतानाच गच्चीचा एक भाग मातीचा भार पेलेल असा मागावा. सोसायटीने गच्चीवरच्या कुंड्यांचा नियम एकदाच लिहून ठेवावा, म्हणजे सेक्रेटरी बदलला तरी बाग राहील. वॉर्डातल्या उद्यानाचा एखादा कोपरा भाडेकरूंना आणि वस्तीतल्या कुटुंबांना हंगामापुरता वाफा म्हणून द्यावा. आणि दर वॉर्डात मावा-तुडतुड्यांची नावं ओळखणारा एक माणूस आठवड्यातून एकदा भेटेल अशी सोय करावी. एवढं केलं तर बी लोक स्वतःच आणतील. कित्येकांच्या फडताळात ते गावाहून आणलेल्या पुडीत बांधून ठेवलेलंच असतं.